१ डॉलरचा क्रेडिट रिपोर्ट, नऊ महिने कापलेले पैसे, आणि खरोखर फुकट मिळणारा रिपोर्ट

शेवंती

नमस्कार. मी इथे बहुतेक वाचनमात्रच असते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही न्यूजर्सीत एडिसनला राहतो. मागच्या वर्षी माझं ईएडी (इथे काम करायचा परवाना) आलं, नोकरी लागली आणि दोघांच्या पगारावर एखादं टाउनहाउस घ्यावं असं ठरलं. कर्ज देणाऱ्या बाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "प्री-अप्रूव्हलच्या, म्हणजे कर्जाच्या प्राथमिक मंजुरीच्या, आधी आपापला क्रेडिट रिपोर्ट एकदा बघून ठेवा." त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी 'फ्री क्रेडिट रिपोर्ट' असं शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. कर्ज-हप्त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे, म्हणजे ब्युरोंचे, रिपोर्ट, तिन्ही स्कोअर, सात दिवस, फक्त १ डॉलर. त्याच पानावर सोशल सिक्युरिटीचा नंबर आणि जुना पत्ता मागत होते, त्यामुळे कार्डाचा नंबरही ओळख पटवण्यासाठीच हवा असेल असं मला वाटलं. स्कोअर ७४२ दिसला. जीव भांड्यात पडला आणि लॅपटॉप मिटला.

चौथ्या दिवशी साताऱ्याहून फोन आला, सासऱ्यांना ॲडमिट केलं होतं. आम्ही दोघंही निघालो. पुढचे दोन महिने दवाखान्यातच गेले, घराचा विषय मागे पडला. परवा टॅक्सच्या कामासाठी कार्डाची स्टेटमेंटं काढून बसले, तेव्हा दिसलं की दर महिन्याला २९.९५ डॉलर जात आहेत. नऊ वेळा. म्हणजे २६९.५५ डॉलर. स्टेटमेंटवरचं नाव साइटच्या नावाशी जुळत नव्हतं, म्हणून इतके महिने माझ्या लक्षातच आलं नाही.

साइटवर जाऊन बंद करायला बघितलं तर तशी सोयच नाही, फोन करायचा. पाऊण तास थांबले. माणूस आला तो तीनदा म्हणाला की निम्म्या किमतीत चालू ठेवा. चौथ्यांदा "नको" म्हटल्यावर बंद केलं, पण मागचे पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पैसे परत मिळवण्याचा काही मार्ग आहे का? कार्ड न देता खरा फुकट रिपोर्ट कुठे मिळतो? आणि तो ७४२ आकडा खरा धरायचा का, कारण माझ्या बँकेच्या ॲपमध्ये आज ७१८ दिसतोय.

खडीसाखर

शेवंती, सासरे आता कसे आहेत?

पैशांबद्दल आधी सांगते, कारण त्यात दिवस मोजले जातात. रद्द केल्याचा नंबर किंवा ईमेल मिळाला असेल तर जपून ठेवा. नसेल मिळाला तर पुन्हा फोन करून मागा. तो नसेल तर पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे कापले गेल्यावर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

मग कार्ड कंपनीला लेखी कळवा. क्रेडिट कार्डाच्या बिलातली चूक स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत कळवायची असते, म्हणजे शेवटचे दोन हप्ते नक्की त्यात बसतील. मान्य होईलच असं नाही, कारण तुम्ही अटींवर टिचकी मारलेली असते आणि कंपनी तेच दाखवते. तरी करा. २०१० साली रोस्का नावाचा केंद्राचा कायदा आला आहे. ऑनलाइन वर्गणी लावणाऱ्यानं अटी ठळकपणे सांगायच्या, स्पष्ट संमती घ्यायची आणि बंद करायची साधी सोय द्यायची, असं त्यात आहे. तक्रारीत हे तीन मुद्दे वेगवेगळे लिहा आणि नोंदणीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. पान बदलायच्या आत काढून ठेवा.

बाकीच्या महिन्यांसाठी कंपनीलाच लिहावं लागेल. फोन नको, लेखी. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर सीएफपीबीच्या, म्हणजे ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, साइटवर तक्रार टाका. ती थेट कंपनीकडे जाते आणि साधारण १५ दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. फसव्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या एफटीसी या केंद्रीय खात्याकडेही नोंदवा. एफटीसी तुमचं एकटीचं प्रकरण लढत नाही, पण त्यांच्या मोठ्या कारवाया अशाच तक्रारींच्या ढिगातून उभ्या राहतात.

आणि कार्डाचा नंबर बदलला की काम झालं असं समजू नका. कार्ड बदललं की नवीन नंबर वर्गणीवाल्या दुकानांना आपोआप कळवण्याची सेवा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडे आहे. माझ्या बहिणीनं नवं कार्ड घेतलं आणि त्यावरही हप्ता आला.

आंबेमोहर

मी याच भीतीनं कधी रिपोर्ट काढलाच नाही. शिवाय आपणच बघितलं तरी स्कोअर कमी होतो असं ऐकलं होतं. खरं आहे का?

रातराणी

आंबेमोहर, नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघणं म्हणजे सॉफ्ट पुल. त्याचा स्कोअरवर काहीही परिणाम होत नाही, रोज बघितलात तरी. तुम्ही कर्ज किंवा कार्ड मागता आणि देणारा बघतो तो हार्ड पुल, त्यानं थोडा उतरतो. ही गैरसमजूत आपल्या लोकांत फार पसरली आहे आणि त्यापायी माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या नोंदी घेऊन फिरतात.

शेवंतीताई, तुमच्या ७४२ आणि ७१८ बद्दल रात्री सविस्तर लिहिते. मी शार्लटला गृहकर्जाच्या ऑफिसात काम करते, हे रोजचंच आहे.

जुना पिंपळ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, थोडं मागे जाऊन. मी १९९८ पासून इथे आहे आणि हा सगळा खेळ डोळ्यांसमोर उभा राहिलेला पाहिला आहे.

डिसेंबर २००३ मध्ये फॅक्ट ॲक्ट झाला. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंनी प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा त्याचा रिपोर्ट फुकट द्यायचा, असं त्यात ठरलं. त्यासाठी तिघांनी मिळून एकच साइट काढायची होती, ती म्हणजे ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम. १ डिसेंबर २००४ ला पश्चिमेकडच्या राज्यांपासून सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्यानं पूर्वेकडे येत १ सप्टेंबर २००५ ला देश पूर्ण झाला. मी तेव्हा डेट्रॉइटला होतो, आमचा नंबर १ मार्च २००५ ला लागला. गंमत म्हणजे शेवंती, तुमच्या न्यूजर्सीत राज्याच्या कायद्यानं हा हक्क आधीपासूनच होता.

आता नीट बघा. कायद्यानं फुकट केला तो रिपोर्ट. स्कोअर नाही. रिपोर्ट म्हणजे तुमची खाती, हप्ते, थकबाकी, कोणी कोणी चौकशी केली याची यादी. स्कोअर म्हणजे त्या यादीवरून काढलेला आकडा. लोकांना हवा असतो आकडा, आणि तो कायद्यातून सुटला. सगळा ट्रायलचा धंदा त्या फटीत वाढला.

फ्रीक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम नावाची साइट होती, एक्स्पेरियनच्याच घरातली. नाव असं की कोणालाही सरकारी वाटावं. रिपोर्ट फुकट म्हणायचे आणि सोबत क्रेडिट मॉनिटरिंगची, म्हणजे रिपोर्टवर सतत लक्ष ठेवण्याच्या सेवेची, ट्रायल चिकटवायचे. ३० दिवसांत बंद केली नाही तर कार्डावर ७९.९५ डॉलर. एफटीसीनं ऑगस्ट २००५ मध्ये त्या कंपनीशी तडजोड केली, साडेनऊ लाख डॉलर भरायला लावले आणि ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितलं. तरी जाहिरातींत सुधारणा नाही म्हणून २००७ मध्ये आणखी तीन लाख. त्यानंतरही टीव्हीवर त्यांची गाणी चालूच होती. आमच्या मुलाला ती पाठ झाली होती. शेवटी २००९ मध्ये एफटीसीनं त्या जाहिरातींच्या धर्तीवर स्वतःचे व्हिडिओ काढले, खरी साइट कोणती ते लोकांना कळावं म्हणून. सरकारी खात्याला जाहिरातीशी जाहिरातीनं लढावं लागलं, इतका त्या गाण्यांचा जोर होता.

२००९ च्या कार्ड ॲक्टनंतर नियम आला आणि एप्रिल २०१० पासून 'फुकट रिपोर्ट' म्हणणाऱ्या प्रत्येक साइटला वर ठळक सूचना लावणं भाग पडलं, की कायद्यानं मान्य केलेली एकमेव जागा ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम हीच आहे. मग फ्रीक्रेडिटरिपोर्टवाल्यांनी काय केलं? रिपोर्टचा १ डॉलर घ्यायला सुरुवात केली, तो डॉलर धर्मादाय कामाला देऊ म्हणाले. पैसे घेतले की 'फुकट' राहिलं नाही, आणि सूचना लावायची गरजही राहिली नाही. शेवंती, तुमच्या जाहिरातीतला १ डॉलर या वाटेनं आलेला आहे.

खऱ्या साइटवर कार्डाचा नंबर कुठेच मागत नाहीत. सोशल, जन्मतारीख आणि पत्ता मागतात, ते बरोबर आहे. पण पत्ता टंकताना एकेक अक्षर बघा, मिळत्याजुळत्या नावाच्या नकली साइट पुष्कळ आहेत. शोधयंत्रातून जाऊच नका. खात्री वाटत नसेल तर फोननं मागवा: ८७७-३२२-८२२८.

घाटमाथा

थोडा वेगळा सूर लावतो. ट्रायल सगळ्या वाईट नसतात. मी २०१९ मध्ये घर घेताना मुद्दाम एक घेतली होती. घरकर्जवाले फायको नावाच्या कंपनीचे जे जुने स्कोअर वापरतात ते फुकट कुठेच दिसत नव्हते. एक महिना घेतला, तिन्ही ब्युरोंचे आकडे आणि रिपोर्ट पीडीएफ करून ठेवले, त्याच संध्याकाळी रद्द केली. फोनमध्ये दोन गजर लावले होते. त्या आकड्यांवरून कळलं की एका कार्डावरची बाकी उतरवली तर व्याजदराची पुढची पायरी मिळेल. उतरवली आणि मिळाली. तीस वर्षांच्या कर्जात त्याचा हिशेब करून बघा.

माहिती वाचून, तारीख लिहून घेतली तर दोष कशाला द्यायचा?

शेवंती

खडीसाखर, सासरे आता बरे आहेत, चालतात फिरतात. विचारल्याबद्दल मनापासून आभार.

घाटमाथा, तुमचं बरोबर असेल, पण तुम्हाला आधीपासून माहीत होतं की ही ट्रायल आहे आणि तुम्हाला तीच हवी होती. मला रिपोर्ट हवा होता, जो मला कायद्यानं फुकट मिळायचा होता. २९.९५ चा आकडा बटणाच्या खाली, करड्या अक्षरांत होता. आज पुन्हा उघडून बघितला. शोधायला बसल्यावर सापडला.

खडीसाखर

शेवंतीला पूर्ण पाठिंबा. घाटमाथा, तुमच्याकडे वेळ होता, इंग्रजी करारपत्रं वाचायची सवय होती, आणि मधल्या काळात घरात आजारपण आलं नाही. चौथ्या दिवशी विमानात बसलेल्या माणसाला सातव्या दिवसाचा गजर काय उपयोगाचा? या योजनेची कमाई तारीख विसरणाऱ्यांवरच उभी असते.

जानेवारी २०१७ मध्ये सीएफपीबीनं ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्स दोघांवर याच गोष्टीसाठी कारवाई केली होती. स्कोअर फुकट किंवा १ डॉलरला म्हणायचं, सात किंवा तीस दिवसांची ट्रायल लावायची आणि मग महिन्याला १६ डॉलर किंवा जास्त घ्यायचे. दोघांना मिळून १ कोटी ७६ लाख डॉलर ग्राहकांना परत द्यावे लागले, वर ५५ लाखांचा दंड. आणि जो स्कोअर विकत होते तो कर्ज देणारे सहसा वापरतच नव्हते. दोन महिन्यांनी एक्स्पेरियनलाही ३० लाखांचा दंड झाला, आपला स्कोअर कर्जवाले वापरतात असं भासवल्याबद्दल. तेव्हा फसलेले सगळे निष्काळजी होते असं म्हणवत नाही.

घाटमाथा

मान्य. आजारपणाचा भाग मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. शेवंतीताई, माझा सूर चुकला, माफ करा. ट्रायलचा उपयोग होऊ शकतो हे म्हणणं मात्र कायम आहे.

रातराणी

आता आकड्यांबद्दल.

स्कोअर एक नसतो. फायको १९८९ पासून आहे, ३०० ते ८५०. व्हँटेजस्कोअर तिन्ही ब्युरोंनी मिळून २००६ मध्ये काढला, आता त्याचीही पट्टी ३०० ते ८५० च आहे, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. फायकोतही कितीतरी आवृत्त्या आहेत. ब्युरो तीन, आणि तिघांकडची माहिती जशीच्या तशी नसते, कारण प्रत्येक बँक तिघांना कळवतेच असं नाही. तुमचा ७४२ हा एका ब्युरोचा व्हँटेज असेल आणि ७१८ दुसऱ्याचा फायको असेल, तर दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. शिवाय मधे नऊ महिने गेले. ॲपमध्ये आकड्याखाली बारीक अक्षरांत मॉडेलचं नाव असतं, ते वाचा.

फुकट बघायचा तर एक्स्पेरियनचं फुकटचं खातं फायको ८ दाखवतं. तिथे आत गेल्यावर महागड्या योजनेची पानं वारंवार येतात, प्रत्येक वेळी 'नको' म्हणायचं आणि कार्ड द्यायचं नाही. क्रेडिट कर्मा ही फुकट स्कोअरची साइट ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्सचे व्हँटेज ३.० दाखवते. त्यांचं उत्पन्न कार्ड आणि कर्जांच्या शिफारशींतून येतं, म्हणून तिथल्या 'तुम्ही पात्र आहात' यावर लगेच अर्ज करत सुटू नका. आपापल्या कार्डाच्या ॲपमध्येही बहुतेक ठिकाणी आता स्कोअर असतो.

घाटमाथांनी म्हटलं ते बरोबर आहे, घरकर्जाला वर्षानुवर्षं जुने फायको चालत आले आहेत: एक्स्पेरियनचा २, ट्रान्सयुनियनचा ४, इक्विफॅक्सचा ५. तिघांतला मधला धरतात. दोघांनी मिळून कर्ज घेतलं तर साधारणपणे ज्याचा मधला आकडा कमी, त्यावर व्याज ठरतं. त्यामुळे नवऱ्याचा रिपोर्ट वेगळा काढा, इथे नवरा-बायकोचा एकत्र रिपोर्ट नसतो. आणि ट्रायल घेण्याआधी कर्ज देणाऱ्यालाच विचारा. प्री-अप्रूव्हल करताना ते आकडे काढतातच आणि तुम्हाला सांगतातही.

माझं कळकळीचं सांगणं असं की स्कोअरपेक्षा रिपोर्ट वाचा. आमच्याकडे लोक ७५०, ७६० घेऊन अभिमानानं येतात आणि आत दुसऱ्याच माणसाचं दवाखान्याचं बिल वसुलीला गेलेलं सापडतं. घर पसंत पडलेलं असतं, बोली लागलेली असते, आणि चूक काढायला महिना लागतो. त्या वेळचे चेहरे मला बघवत नाहीत.

आता रिपोर्ट वर्षातून एकदाच मिळतो असंही नाही. कायद्यात तेवढंच आहे, पण साथीच्या काळात, एप्रिल २०२० पासून, तिन्ही ब्युरोंनी त्याच साइटवर दर आठवड्याला फुकट द्यायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये ते कायमचं केलं. शिवाय कोणी कर्ज, नोकरी किंवा विमा तुमच्या रिपोर्टमुळे नाकारला तर ६० दिवसांच्या आत त्या ब्युरोकडून वेगळा फुकट रिपोर्ट मागता येतो.

वेलदोडा

नमस्कार, मी डॅलसला एमएस करतोय, येऊन सव्वा वर्ष झालं. कॅम्पसवर नोकरी मिळाल्यामुळे सोशल आहे. आजच हा धागा वाचून त्या साइटवर गेलो. दोन ब्युरोंनी प्रश्न विचारले, यांपैकी कोणत्या पत्त्यावर राहत होतात, गाडीच्या कर्जाचा हप्ता किती वगैरे. माझ्याकडे गाडीच नाही. 'यांपैकी काहीच नाही' असं सगळ्यांना उत्तर दिलं आणि ओळख पटली नाही म्हणून बाहेर काढलं. एका ट्रायलवाल्या साइटनं मात्र लगेच आत घेतलं असतं, कार्ड मागत होती. तिथेच थांबलो. आता काय करू?

जुना पिंपळ

वेलदोडा, थांबलास ते उत्तम केलंस. नवीन आलेल्यांचं हे नेहमीचं आहे, फाइल पातळ असते म्हणून विचारायला त्यांच्याकडेच काही नसतं. त्याच साइटवर एक पानी अर्ज आहे. छापून, भरून अटलांटाच्या पोस्टबॉक्सवर पाठवायचा, पत्ता अर्जावरच आहे. ओळख आणि पत्ता पटवायला लायसन्सची आणि विजेच्या बिलाची किंवा बँक स्टेटमेंटची प्रत मागू शकतात. लीजवर जसं नाव आहे तसंच लिही. अर्ज पोचल्यावर १५ दिवसांत रिपोर्ट पाठवायचा असतो.

फायको स्कोअर दिसत नसेल तर घाबरू नकोस. निदान एक खातं सहा महिने जुनं असल्याशिवाय तो बनतच नाही.

केतकी२२

नावावरून आठवलं, हे आपल्या लोकांनी मुद्दाम तपासावं.

माझ्या पासपोर्टात गिव्हन नेममध्ये माझं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं आहेत. सोशल कार्डावर तसंच छापून आलं. बँकेनं नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून घेतलं, एका दुकानाच्या कार्डानं ते गाळलं, आणि लग्नाआधीचं विद्यार्थी खातं माहेरच्या आडनावावर, मधे वडिलांचं नाव. तीन नावांची मी एकच बाई. एका ब्युरोकडे माझ्या दोन अर्ध्या फाइली झाल्या होत्या. जुनी, चांगली, सहा वर्षांची खाती एकीकडे आणि नवी दुसरीकडे. कर्जवाल्याला फक्त नवी दिसली आणि "इतिहास कमी" म्हणून दर चढवला. मला हे कळलं ते फुकटच्या रिपोर्टवरूनच. आधी दोन वर्षं पैसे भरून मॉनिटरिंग घेत होते, त्यात आकडा रोज दिसायचा, पण ही गोष्ट कधी दिसली नाही.

सोशल कार्ड, पासपोर्ट आणि लग्नाचं सर्टिफिकेट जोडून टपालानं पत्र लिहिलं तेव्हा फाइली एकत्र झाल्या. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर 'नावं' आणि 'पत्ते' असतात, लोक ते ओलांडून खात्यांकडे जातात. आधी तेच वाचा. पाटील, जोशी, कुलकर्णी, शाह या आडनावांना दुसऱ्याची खाती येऊन चिकटण्याचीही भीती असते.

सदाशिवपेठी

पुण्याहून लिहितो. आमच्याकडेही हेच, फक्त नावं वेगळी.

भारतात चार ब्युरो: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०१७ पासून चौघांनीही दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, फुकट द्यायचा आहे. म्हणजे अमेरिकेच्या कायद्यानं स्कोअर सोडला, आपल्याकडे सोडला नाही. आकडा ३०० ते ९००. चौघांकडून तीन-तीन महिन्यांच्या अंतरानं एकेक काढला तर वर्षभर लक्ष राहतं, दमडी न देता. मी तसंच करतो.

पण एका ब्युरोच्या साइटवर गेलो तर आधी महिन्याच्या, सहा महिन्यांच्या, वर्षाच्या योजना मांडलेल्या, आणि वर्षाचा फुकट रिपोर्ट खाली एका ओळीत. आईला मी शेजारी बसून काढून दिला, नाहीतर तिनं बाराशे रुपये भरलेच असते. 'फुकट सिबिल' म्हणणारी इतर ॲपही आहेत. स्कोअर दाखवतात खरं, पण मोबाइल नंबर आणि पॅन त्यांच्या हाती गेलं की कर्ज घ्या म्हणून फोन सुरू होतात.

एका बाबतीत मात्र आपल्याकडे बरं आहे. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या वर्गणीसाठी ऑक्टोबर २०२१ पासून नियम कडक झाले. पहिल्यांदा ओटीपी लागतो, आणि दर हप्त्याच्या निदान २४ तास आधी मेसेज यावा लागतो, त्यातूनच बंद करता येतं. शेवंतीताईंना साताऱ्यात असताना असा एक मेसेज आला असता तर ही वेळ आली नसती. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' नावानिशी आहे. फुकट सेवेसाठी कार्डाचा तपशील मागणं हेही त्यात धरलं आहे.

परदेशातल्या मंडळींना एक सांगतो. जाताना इथलं क्रेडिट कार्ड बंद केलं नसेल तर वार्षिक फी, त्यावर दंड, त्यावर व्याज असं वाढत राहतं आणि बिलं रिकाम्या घराच्या पत्त्यावर जातात. माझ्या आतेभावाचं असंच झालं. आठ वर्षांनी परत येऊन पुण्यात फ्लॅट घेताना कळलं. तुमचा भारतातला रिपोर्टही वर्षातून एकदा काढा. चुकीची नोंद असेल तर तक्रार फुकट असते, आणि एप्रिल २०२४ पासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आंबेमोहर

सदाशिवपेठी, माझं २०१४ चं एक कार्ड तसंच आहे. आज रात्रीच बघतो.

घाटमाथा

अमेरिकेत असा आधी मेसेज देण्याचा केंद्रीय नियम नाही. एफटीसीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम केला होता, की जितक्या सहज वर्गणी लावता येते तितक्याच सहज बंद करता आली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये तो लागू व्हायच्या काही दिवस आधी न्यायालयानं रद्द केला. काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत. कॅलिफोर्नियात २०१८ पासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइनच बंद करता यायला हवी.

शेवंती

दीड महिन्यानं धागा वर काढते आहे, कारण इतक्या जणांनी मनापासून सांगितलं, त्यांना पुढचं कळवायला हवं.

कार्ड कंपनीनं शेवटचे दोन हप्ते परत दिले, ५९.९० डॉलर. ट्रायलवाल्या कंपनीनं पहिल्या पत्राला उत्तरच दिलं नाही. सीएफपीबीकडे तक्रार टाकल्यावर अकराव्या दिवशी ईमेल आला आणि आणखी तीन महिन्यांचे ८९.८५ मिळाले. उरलेले ११९.८० गेले. खडीसाखर, तुम्ही सांगितलेले तीन मुद्दे मी जसेच्या तसे वेगवेगळे लिहिले होते, त्याचा फार उपयोग झाला.

तिन्ही रिपोर्ट खऱ्या साइटवरून काढले, माझे आणि नवऱ्याचे. कार्ड कुठेच मागितलं नाही. प्रत्येक ब्युरोकडे पुढे जाताना स्कोअर विकत घ्या म्हणून पान येतं, ते सोडून पुढे गेले. पहिल्या पानापासून वाचा असं केतकीनं सांगितलं म्हणून तसंच वाचलं, आणि तिघांपैकी एकाकडे माझ्या नावाखाली ओहायोतला एक पत्ता दिसला. मी ओहायोत कधी पाऊलही ठेवलेलं नाही. त्याखाली एका फर्निचरच्या दुकानाचं कार्ड, दोन हप्ते थकलेले. माझंच नाव आणि आडनाव असलेली कोणी दुसरी बाई असावी. १ डॉलरच्या त्या रात्री मी फक्त आकडा बघून लॅपटॉप मिटला होता, त्यामुळे हे तेव्हाही तिथे होतं की नाही हे आता कळायला मार्ग नाही.

ब्युरोकडे हरकत घेतली, लायसन्स आणि लीजची प्रत जोडली. त्यांना ३० दिवसांत तपास करायचा असतो. एकोणिसाव्या दिवशी खातं काढल्याचं पत्र आलं आणि सुधारलेला रिपोर्टही. पुन्हा काढून बघितला, पत्ताही गेला आहे.

रातराणी

फार बरं वाटलं वाचून! थकलेले दोन हप्ते घरकर्जात जड गेले असते. आता तिन्हीकडे सिक्युरिटी फ्रीझ लावा, म्हणजे तुमच्या नावानं दुसऱ्याला नवं खातं सहज उघडता येणार नाही. सप्टेंबर २०१८ पासून लावणं आणि काढणं दोन्ही फुकट आहे. तिथेही 'क्रेडिट लॉक' नावाची पैसे घेणारी योजना पुढे करतील, ती घेऊ नका, 'फ्रीझ' हाच शब्द शोधा. आणि कर्जाच्या अर्जाच्या आदल्या दिवशी आठवणीनं काढा.

शेवंती

लावला, तिन्हीकडे. पासवर्ड वहीत लिहून नवऱ्यालाही दाखवून ठेवले. कर्जवाल्या बाईंशी मंगळवारी बोलणं आहे.

आमच्याच बिल्डिंगमध्ये नगरकडचं एक नवं जोडपं आलं आहे. ती परवा विचारत होती की घरमालकाला क्रेडिट रिपोर्ट द्यायचाय, कुठून काढू. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोघींनी मिळून अर्ज भरला. तिचीही ओळख ऑनलाइन पटली नाही, टपालानंच पाठवावा लागला.

वेलदोडा

माझे तिन्ही रिपोर्ट टपालानं आले, बाराव्या दिवशी. एकच खातं आहे, सिक्युअर्ड कार्डाचं (आधी ठेव ठेवून मिळतं ते), आणि ते बरोबर आहे. आडनावात मात्र एकाकडे 'देशमुख'मधला 'ह' गळलाय, इंग्रजी स्पेलिंगमधला. केतकीताई, त्यासाठीही पत्रच लिहायचं की ऑनलाइन होतं?

केतकी२२

ऑनलाइन करून बघ, स्पेलिंगची चूक होते दुरुस्त. झाली नाही तर पत्र लिही आणि सोशल कार्डाची प्रत जोड. मूळ कार्ड पाठवू नकोस.